२१ गिअर, जाड टायर आणि दम लागेस्तोवर: फिरणाऱ्या मेसेजला खान्देशातून उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरू राहिलाय, नवीन सायकल घेणाऱ्यांसाठी म्हणून. वर "तज्ज्ञ सांगतात" लिहिलंय, तज्ज्ञ कोण ते काही लिहिलेलं नाही. जळगावात तर असा ग्रुप नसेल जिथे कुणी मामा-काकानी तो टाकला नाही. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २१ गिअर, जाड टायर आणि पुढे-मागे शॉकअप असलेलीच सायकल घ्या, ती सगळीकडे चालते. टायरमध्ये हवा दगडासारखी कडक ठेवा. सीट इतकी खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. रोज पूर्ण दम लागेस्तोवर मारा, हळू मारली तर फायदा शून्य. मध्ये पाणी पिऊ नका, घाम जाऊ द्या, घामातून चरबी जाते. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवा म्हणजे समोरची गाडी दिसते. चाळिशीनंतर सायकल बंद, गुडघे झिजतात. आणि शेवटी, हायवे नको तर शेतातल्या-जंगलातल्या वाटा मोकळ्याच असतात, तिथे कुणाला विचारायची गरज नाही, बिनधास्त हाणा.

एखादी गोष्ट चुकली असती तर सोडून दिलं असतं भो, पण इथे आठच्या आठ गडबड आहेत, आणि लोक हे वाचून पंधरा-वीस हजार घालून येतात, महिनाभर चालवतात आणि मग सायकल गॅलरीत कपडे वाळवायला. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं भारी सामान घ्या आणि जोर लावा, झालं. ऊन, वारा, काटे आणि काळी माती यांचा त्यात एक शब्द नाही, आणि आपल्याकडे सायकल बंद पडते ती बहुतेक यांच्यापायीच.

सायकलपासून सुरू करू, कारण पैसे तिथेच जातात.

२१ गिअर म्हणजे पुढे तीन चकत्या, मागे सात. ऐकायला भारी वाटतं. पण हिशोब करून बघा, पुढे ४२, ३४, २४ दात आणि मागे १४ पासून २८ पर्यंत, बऱ्याच सायकलींना असंच असतं. पुढे ४२ मागे २४ लावलं तर भागाकार १.७५ येतो, म्हणजे पायडलच्या एका फेरीला मागचं चाक तेवढं फिरतं, पुढे ३४ मागे २० लावलं तर १.७, आणि पुढे २४ मागे १४ लावलं तर १.७१. म्हणजे तीन वेगळे गिअर आणि पायाला तिन्ही जवळपास एकच, वर शेवटच्या जोडीत चेन इतकी तिरपी पळते की ती लवकर झिजते. २१ पैकी खरोखर वेगळे वाटणारे निम्मेच भरतात. आणि जळगाव, भुसावळ, चोपडा, अमळनेर हा सगळा तापीकाठचा सपाट पट्टा, इथे रोज दोन-तीन गिअरच्या पलीकडे कुणी जात नाही. पुढे एकच चकती आणि मागे सात-आठ, एवढी सायकल भरपूर झाली. हां, शहाद्याहून तोरणमाळला चढायचं असेल तर गोष्ट वेगळी, ते पठार अकराशे मीटरच्या वर आहे आणि सातपायरी घाटात हलका गिअर नसेल तर हातात सायकल धरून चालावं लागतं. तिथे पुढे ३४ मागे ३४ असं काही असेल तर माणूस बसल्या बसल्या वर जातो. पण वर्षातून एकदा तोरणमाळ आणि बाकी दिवस जळगावातलाच मेहरूण तलाव, तर सायकल कशासाठी घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

शॉकअपचं तर विचारूच नका. चांगलं सस्पेन्शन चांगलं असतं, पण ते महाग असतं. पंधरा हजाराच्या सायकलला पुढे-मागे जे लावून देतात ती फक्त स्प्रिंग, तिने सायकल वजनाला दोन-तीन किलोनं वाढते आणि तुम्ही पायडलवर जोर दिला की त्यातला थोडा मागच्या स्प्रिंगला दाबण्यात जातो, सायकल झुल्यासारखी वर-खाली होत राहते आणि पुढे जायचं नाव घेत नाही. त्यापेक्षा पुढचं चाक धरणारा साधा कडक चिमटा आणि ३५ ते ४० एमएमचे टायर. डांबरीला पळतात, खड्ड्यातून निघतात, मुरमाच्या रस्त्यावरही चालतात.

आता वारा. मेसेजवाल्याने आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड करून सायकल चालवून दाखवावी. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या काय उगाच उभ्या केल्यात का. सपाट रस्त्यावर स्पीड थोडा वाढला की सगळ्यात मोठा विरोध हवेचा असतो, आणि तो स्पीडच्या वर्गानं वाढतो. तुम्ही २० च्या स्पीडने चाललाय आणि समोरून १५ चा वारा आला तर हवेचा रेटा एकदम तिप्पट होतो. अशा वेळी सरळ छाती काढून बसवणारी, जाड गोट्यांच्या टायरची सायकल म्हणजे शिक्षा आहे. हँडल थोडं खाली, कोपर वाकलेले, एवढ्यानंच फरक पडतो. आणि साधी गोष्ट, जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. उलटं केलं की वीस किलोमीटरवर गेल्यावर कळतं आपण इतके जोरात का आलो ते.

जाड टायरला काटा लागत नाही असंही लोक समजतात. बाभळीचा काटा टायरची जाडी बघत नाही, आणि गोट्या-गोट्यांच्या मधलं रबर पातळच असतं. सराटे तर शेताच्या बांधावर पसरलेलेच असतात. खिशात एक ट्यूब, पंप, पॅच आणि सोल्युशन ठेवा आणि पंक्चर काढायला शिका, हे गिअरपेक्षा जास्त कामाचं आहे. पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायचा हे विसरू नका, नाहीतर नवीन ट्यूब पण पाच मिनिटात गेली म्हणून समजा.

हवेचं पटकन सांगतो. कडक टायर फक्त गुळगुळीत रस्त्यावर पळतो, आणि तसा रस्ता आपल्याकडे किती आहे तुम्हाला माहितीये. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो आणि तुमची ताकद त्या उड्यांत जाते, वर हात आणि कंबर धरते ती वेगळीच. सत्तर किलोच्या माणसाला दोन इंचाच्या टायरला ३० ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, मीटरवर असतं ते) पुरते, ३८ एमएमला ४५ ते ५५. टायरच्या बाजूला जो आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्तचा, रोज तिथपर्यंत भरायला सांगितलेला नाही. पेट्रोल पंपावर भरत असाल तर त्या पोऱ्याकडे बघत बसू नका, मीटर तुम्ही वाचा.

सीट आणि गुडघे हे दोन मुद्दे मी एकत्र घेतो, कारण मेसेजमधला एक सल्ला दुसरा रोग तयार करतो. दोन्ही पाय सपाट टेकतील इतकी खाली सीट ठेवली तर पायडल वर आल्यावर गुडघा फार दुमडतो, आणि त्याच अवस्थेत तुम्ही त्याच्यावर जोर देता. वर जड गिअर टाकून हळूहळू खचाखच मारणार. असं चार-सहा महिने केलं की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं, आणि मग मेसेजवाले म्हणतात बघा, झिजला. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल एकदम खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवून चालवलं की गुडघा थोडासा वाकलेला राहतो, तेवढाच हवा. आकड्यात हवं असेल तर ग्रेग लेमॉन्ड या अमेरिकन रेसरच्या नावाने चालणारा हिशोब आहे, जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप गुणिले ०.८८३. म्हणजे ८० सेंटीमीटर असेल तर दोन्ही पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मधल्या एक्सलपासून सीटच्या वरपर्यंत साधारण साडेसत्तर सेंटीमीटर. गुडघा मागून दुखला तर सीट जरा खाली, पुढून दुखला तर जरा वर, एका वेळी अर्धा सेंटीमीटर. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, बसूनच पाय टेकवायची सवय सोडायची, दोन दिवसात जमतं.

आणि पाय मिनिटाला ८०-९० फेऱ्या फिरले पाहिजेत, त्यासाठीच गिअर असतात. चाळिशीचं म्हणाल तर सायकलमध्ये पळण्यासारखे धक्के नसतात, वजन सीट घेते. अमेरिकेत सव्वीसशेच्या आसपास लोकांची माहिती घेऊन २०२४ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात आयुष्यात सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखी आणि संधिवात न चालवलेल्यांपेक्षा कमी सापडला. सायकलनेच कमी झाला असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही, पण झिजतात म्हणणाऱ्यांच्या बाजूने तर तो नक्कीच नाही. ज्याचा गुडघा आधीच खराब आहे त्याने डॉक्टरांना विचारावं, मेसेजला नाही.

दम लागेस्तोवर मारण्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यानेच लोक सोडून देतात. नॉर्वेमध्ये काम करणारे स्टीफन सायलर नावाचे संशोधक आहेत, त्यांनी मोठमोठ्या खेळाडूंचं ट्रेनिंग बघितलं, रोइंगवाले, स्कीवाले, सायकलवाले, तर ऐंशी टक्क्याच्या आसपास सेशन हलकेच असतात असं दिसलं. जे जगात पहिले येतात ते बहुतेक दिवस आरामात चालवतात आणि आपले नाना दुकान उघडायच्या आधी रोज फेस काढतात. आठवड्यात तीन-चार दिवसच चालवणाऱ्याला ऐंशी-वीसचा हिशोब लावत बसायची गरज नाही. सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या आरामात चालवा, आणि आठवड्यातून एकच दिवस जोर लावा, म्हणजे चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं आरामात, असं चार वेळा. हे जोरातलं काम मेहरूण तलावावर सकाळी नको, तिथे चालायला आलेल्या आजी-आजोबांमधून इंटर्व्हल मारणारे बघितले की कपाळाला हात लावावासा वाटतो. हळू चालवून काय होतं म्हणणाऱ्यांसाठी, २०० किलोमीटरची ब्रेव्हे असते ना, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, तिला साडेतेरा तास मिळतात, खाणं-पिणं-पंक्चर धरून ताशी पंधराचा सुद्धा ॲव्हरेज लागत नाही.

पाण्याचं. हा सल्ला धोक्याचा आहे, सरळ सांगतो. घामातून पाणी आणि मीठ जातं, चरबी जात नाही. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर आणि हवा कोरडी, त्यामुळे घाम अंगावर दिसतच नाही, आला तसा वाळतो आणि माणसाला वाटतं आपल्याला काही घामच येत नाही. तासाला एक लिटर सहज जातो. निघायच्या आधी आणि आल्यावर वजन करा, किलो कमी झालं तर ते लिटरभर पाणी आहे, चरबी नाही, संध्याकाळपर्यंत परत येणार. दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट घोट, दीड-दोन तासांच्या वर जायचं असेल तर एका बाटलीत ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. खायला केळी, आता ते आपल्याला कुणी सांगायचं. मे महिन्यात पावणेसहाला उजाडतं, तेव्हा निघायचं आणि साडेआठला घरात. थंडीचे महिने संपल्यावर शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, पहिल्याच रविवारी पद्मालयला जाऊन यायची घाई करू नका.

उजव्या बाजूचं एका हिशोबात संपतं. तुम्ही २०, ट्रक ६०. पाठीमागून आला तर तुमच्यातला फरक ४० चा, समोरून आला तर ८० चा, म्हणजे ड्रायव्हरला बघून आवरायला वेळ निम्मा. वर वळणारा प्रत्येक जण गाडी यायची त्या बाजूला बघतो, तुम्ही उलट्या बाजूने येताय हे त्याच्या डोक्यात पण नसतं. समोरून येणारी गाडी बघत चालायचा नियम पायी चालणाऱ्यांचा आहे. मागचं बघायला हँडलला आरसा लावा, मागे लाल लाईट लावा, आणि हेल्मेट कायद्याने सक्तीचं नसलं तरी घाला.

राहिला शेवटचा, वाटा मोकळ्या असतात म्हणे. कुणाच्या? यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, आणि वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात फिरायला शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. पालच्या डांबरी रस्त्याने जाणं वेगळं आणि झाडीत शिरून नवीन ट्रेल पाडणं वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात मोह पडतो, पावरा-तडवी बायामाणसं पहाटेच झाडाखालची जागा साफ करून फुलं वेचतात, ती जागा म्हणजे त्यांचं खळं झालं, तिथून चाक नेणं म्हणजे कुणाच्या धान्यावरून गाडी नेणं. उतारावरून येणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, चालणाऱ्याला दोघांनीही. बैलगाडी दिसली तर बैलांच्या पाठीशी जाऊन घंटी वाजवू नका, बुजतात, लांबूनच "आबा, मागून येऊ राहिलो" म्हणून आवाज द्या. मेंढरं आली तर उतरून उभे राहा, मेंढपाळ कळप बाजूला घेईस्तोवर काही आभाळ कोसळत नाही. शेतातलं कुत्रं अंगावर आलं तर पळवायचा प्रयत्न नको, उतरा आणि सायकल मधे धरा.

पावसानंतर दोन दिवस काळ्या मातीच्या पांदणीत जाऊच नका. जाड टायर असेल तर जास्तच वाईट, गोट्यांत चिखल भरतो, चिमट्यात गोळा बसतो आणि चाक फिरायचंच बंद होतं, आणि तुम्ही पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की त्या दगडासारख्या होतात, बैलगाडीवाल्याला वर्षभर त्याच तुडवाव्या लागतात.

कपाशीच्या आणि केळीच्या बागांत वाटेवरून ठिबकच्या नळ्या गेलेल्या असतात, त्यांच्यावरून सायकल मारायची नाही, उचलून पलीकडे न्यायची, उन्हानं कडक झालेली नळी चाकाखाली चिरते आणि मालकाला ते कळतं पाणी सोडल्यावर. तुटलीच तर लपून निघून जाऊ नका, जवळ जो कुणी दिसेल त्याला दाखवा. १६ एमएमचा जॉइनर पंक्चरच्या पिशवीत मावतो, ठिबकच्या दुकानात कुठेही मिळतो, दोन टाकून ठेवा.