पोडाची ग्रामसभा : एका निवृत्त ग्रामसेवकांना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आमच्या पोडाला, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीला, वेगळी ग्रामपंचायत द्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, तीन-साडेतीनशे वस्तीला ग्रामपंचायत म्हणजे आणखी एक सरपंच आणि आणखी एक कुलूपबंद कार्यालय. शिवाय मी पेपर वाचून ग्रामपंचायत चालवतो. इतकी वर्षं ग्रामसेवकी केलीत म्हणता, तर तेवढा टोमणा चालतो.

पैशाच्या बाबतीत चूक माझीच. वेगळे झालो की निधी वाढेल, असं मी ठोकून दिलं होतं. वित्त आयोगाचा पैसा लोकसंख्या आणि क्षेत्रफळ पाहून येतो. गट ग्रामपंचायत फोडली तर वाटे पडतात, रक्कम तीच. साठ-सत्तर घरांच्या घरपट्टीत शिपायाचा पगारही निघणार नाही. मान्य.

पण "सध्या अडतंय कुठं?" असं विचारलंत ना, ते सांगतो. आमचं कोलामांचं पोड केळापूर तालुक्यात. मुख्य गाव अडीच किलोमीटरवर, मधात नाला. ग्रामपंचायतीत सदस्य 7, वॉर्ड तीन. पोड मुख्य गावातल्या एका पुऱ्याला जोडलेलं. मागच्या 15 ऑगस्टला दुपारी शिपाई आला, लिंबाखाली मोटरसायकल स्टँडवर लावली, सीटवर रजिस्टर उघडलं. "सह्या करा न जी, मिटिंग झाली तिकडं." ठरावांची पानं कोरीच होती. एका आजीनं अंगठा दिला, शाई लिंबाच्या खोडाला पुसली आणि विचारलं, "हातपंपाचं लिवलं का?" "लिवतो न आजी." पंपाची साखळी तुटून तेव्हा एकवीस दिवस झाले होते, बाया वावरातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. पुढं चौकशी केली तर दुरुस्तीची मागणी वरती गेलीच नव्हती.

तक्रार केली. ती करतानाच कळलं की मी भलतंच दार ठोठावत होतो. आमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्यात येतं. 1996 च्या त्या कायद्यात गाव म्हणजे महसुली मौजाच, असं नाही. आपल्या रीतीभातीनं कारभार चालवणारी वस्ती किंवा पाडाही गाव ठरतो. 2014 च्या आपल्या राज्याच्या नियमांत त्याची वाटही दिली आहे : वस्तीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. ग्रामपंचायत तीच, सरपंच तोच, सचिवही तोच. ग्रामसभा तेवढी पोडाची. योजनांचे लाभार्थी ती निवडणार, आणि ग्रामपंचायतीनं केलेल्या खर्चाचा दाखलाही तिच्याकडूनच घ्यावा लागणार. कोऱ्या पानावर अंगठे घेऊन तो दाखला लिहायचा, तर शिपायाला आता पूर्ण पोडासमोर लिहावा लागेल. म्हणून वेगळ्या ग्रामपंचायतीची मागणी मी मागं घेतो, ही धरतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेचं उदाहरण मुद्दामच देत नाही. तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं एकत्र बसून ठरवायची सवय आहे. आमच्याकडं पिऊन आलेल्याला सभेतून उठवायचं कोणी, इथून सुरुवात.

ठरावाचा मसुदा झालाय, हद्दीच्या वर्णनात अडलोय. नाल्यापलीकडच्या ई-क्लासवर, म्हणजे चराईच्या सरकारी जमिनीवर, गुरं आमची चरतात, पण ती जागा लोक मुख्य गावाची धरतात. ती आमच्या हद्दीत दाखवली तर ते गाव हरकत घेईल, सोडली तर गुरं कुठं न्यायची? असे कागद तुम्ही पाहिले असतील. काय लिहू, सांगा.