‘दर रविवारी दहा मिनिटं इंजिन’ या सल्ल्याबद्दल

नमस्कार,

बर्फाच्या मोसमात गाडी चार-पाच महिने उभी ठेवायची तर काय तयारी करावी, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच ताशेरे ओढलेत. तुमचं म्हणणं असं: एवढा खटाटोप कशाला, दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं की बॅटरी टिकते आणि ऑइलही फिरतं. बॅटरी मेंटेनर (उभ्या गाडीच्या बॅटरीला लावून ठेवायचा छोटा चार्जर) आणि पेट्रोलचं स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून टाकीत घालायचं रसायन) म्हणजे निव्वळ विक्रेत्यांचे धंदे. कूलंट पाणी न मिसळता निखळ भरलं की थंडीची काळजी नको, आणि गरम गॅरेजमध्ये झाकून ठेवली की बाकी काही लागत नाही. वडिलांची गाडी अशीच वर्षानुवर्षं टिकली, हा तुमचा शेवटचा पुरावा.

स्टॅबिलायझरच्या बाबतीत आपलं बरंचसं जुळतं, ते पुढे येईलच. पण रविवारच्या दहा मिनिटांबद्दल मी ठाम आहे. त्यापेक्षा गाडीला हातच न लावलेला बरा.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी, अर्थात वाफेच्या रूपात. गाडी रस्त्यावर नीट पळाली, सायलेन्सर टोकापर्यंत तापला, की ही वाफ बाहेर निघून जाते. शून्याखालच्या थंडीत गाडी जागेवर उभी असताना दहा मिनिटांत मागचा डबा धड कोमटही होत नाही. वाफेचं आतच पाणी होतं, तुम्ही इंजिन बंद करता आणि ते पाणी तिथेच मुक्काम ठोकतं. पुढच्या रविवारी त्यात नवी भर. सायलेन्सर आतून सडतो तो असा.

ऑइलचंही तेच. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. त्यातलं थोडं न जळता पिस्टन रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं, सोबत वाफही जाते. हे दोन्ही उडून जायला ऑइल चांगलं तापून काही वेळ तसंच राहावं लागतं. डॅशबोर्डवरचा काटा वर आला म्हणजे ऑइल तापलं असं समजू नका. तो काटा कूलंटचा, ऑइल त्याच्या बऱ्याच मागून तापतं. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडलं की आत पिवळट-पांढरी साय धरलेली दिसते. हेड गॅस्केट (कूलंट ऑइलमध्ये शिरू न देणारं इंजिनातलं सील) गेलं म्हणून लोक घाबरतात, पण थंडीत इंजिन जेमतेम कोमट होऊन बंद होत असेल तर बहुतेक वेळा तो नुसता ओलावा असतो. म्हणून तर गाडी उभी करायच्या आधी ऑइल बदला असं मी लिहिलं होतं. वापरलेल्या ऑइलमधलं पाणी आणि आम्ल महिनोन्महिने बेअरिंगांवर कशाला ठेवायचं?

आता बॅटरी. इथे नुसता हिशेब करू. आजची गाडी बंद असतानाही अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि छोटे कॉम्प्युटर थोडी वीज खात राहतात. 50 मिलिअँपिअर धरले तर दिवसाला 1.2 आणि आठवड्याला 8.4 अँपिअर-तास जातात. 30 धरले तरी आठवड्याला 5. दहा मिनिटांत परत किती मिळतात? जागेवर चालणाऱ्या इंजिनाच्या अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राने, बॅटरीला सलग 20 अँपिअर दिले असं उदार मनाने धरलं, तरी 3.3. प्रत्यक्षात गारठलेली बॅटरी चार्ज सावकाश घेते, त्यात ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर चालू असतो. म्हणजे दर रविवारी खातं थोडं आणखी तुटीत.

ही तूट नुसती ‘सेल्फ लागला नाही’ एवढ्यावर थांबत नाही. पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल उणे 50 अंशांपर्यंतही गोठत नाही. पार उतरलेल्या बॅटरीत मात्र उरतं ते जवळपास पाणीच, आणि ते उणे 10 च्या अलीकडेही गोठू शकतं. बर्फ फुगतो, प्लेटा वाकतात, कधी बॅटरीचं खोकंच तडकतं. अशी गोठलेली बॅटरी चार्जरला लावू नका, ती फुटू शकते.

राहिला विक्रेत्यांच्या धंद्याचा मुद्दा. मेंटेनर नको असेल तर घेऊ नका. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना पुरतो. धडधाकट बॅटरी थंडीत आपोआप फार हळू उतरते, त्यामुळे काही महिने सहज निभावते. फक्त टर्मिनल काढण्याआधी दोन गोष्टी बघा: रिमोटमधली लपलेली लोखंडी चावी दाराला लागते ना, आणि डिकी विजेशिवाय उघडते का. बॅटरी डिकीत आणि डिकी विजेवर, अशाही गाड्या आहेत. त्यांच्या मालकांना वसंतात बराच घाम फुटतो.

स्टॅबिलायझर तीन-चार महिन्यांसाठी, इंजेक्शनच्या गाडीत आणि बंदिस्त टाकीत, नाही घातलं तरी चालतं. इथे आपण दोघं एकाच बाजूला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल, किंवा गाडी जुनी, कार्ब्युरेटरची असेल, तर मी घालेन. घातल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून ते पुढपर्यंत पोहोचवायचं, नाहीतर टाकीतलं टाकीतच राहतं.

निखळ कूलंट मात्र अजिबात नको. त्यातलं मुख्य रसायन, इथिलिन ग्लायकॉल, एकटं असलं तर उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की तेच मिश्रण उणे 37 पर्यंत तग धरतं. ऐकायला उलटं वाटतं खरं, पण पाणी आणि ग्लायकॉल एकमेकांना गोठू देत नाहीत.

गरम गॅरेज असलं तर उत्तमच, पण गाडी आत कशी गेली ते महत्त्वाचं. रस्त्यावरचं मीठ खालच्या पत्र्याला चिकटलेलं असेल तर उबेत आणि ओलाव्यात ते झपाट्याने काम करतं, कडाक्याच्या कोरड्या थंडीत तीच गाडी कमी गंजते. म्हणून आधी खालून धुवा, नीट वाळू द्या, मग आत घ्या. झाकायला हवा खेळणारं कापडी कव्हर हवं. प्लॅस्टिकची ताडपत्री ओल आतच कोंडते.

टायर आणि हँडब्रेकबद्दल तुमचा आक्षेप दिसला नाही, त्यामुळे एकाच वाक्यात: हवा थोडी जास्त भरा, हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा, नाहीतर ब्रेक लायनर ड्रमला चिकटून बसतात.

आता वडिलांची गाडी. ती टिकली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या काळच्या गाडीत बंद असताना वीज खाणारं फार तर एक घड्याळ असायचं. आणि एक विचारू का? वडील इंजिन नुसतं चालू करून ठेवायचे, की एक चक्कर मारून यायचे? मोकळ्या, कोरड्या, मीठ न टाकलेल्या रस्त्यावर तास-पाऊण तास गाडी पळवली तर माझी काहीच हरकत नाही. उलट त्यात सायलेन्सर वाळतो, ऑइल तापतं, बॅटरीही भरते. माझा विरोध जागेवर घुरघुरत ठेवण्याला आहे.

एक गोष्ट मात्र वादाची नाही. तुम्ही हे गॅरेजमध्ये करत असाल, तर रविवारचा हा कार्यक्रम आजच बंद करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंड इंजिन तो जास्त सोडतं. दार अर्धवट उघडं ठेवणं पुरत नाही, आणि गॅरेज घराला लागून असेल तर तो घरातही शिरतो.

एवढं वाचूनही पटत नसेल तर मल्टिमीटरने बघू. पुढच्या वेळी इंजिन चालू करण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा. बॉनेट उघडल्यावर गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात, ते झोपेपर्यंत अर्धा तास थांबा, मगच मोजा. 12.6 च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी. असं ओळीने चार आठवडे, शक्यतो सारख्याच थंडीत, मोजून आकडे इथेच लिहा. खाली येत नसतील तर तुमच्या गाडीचं मॉडेलही कळवा, बंद असताना इतकी कमी वीज खाणारी गाडी कोणती ते मला जाणून घ्यायचंय.