धड नापासही होता येत नाही

एप्रिल संपत आला की एका गुरुवारी संध्याकाळनंतर मला घरात कोणी काम सांगत नाही, कारण रात्री आठला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) सुरू होतो आणि मी न्यूयॉर्क जेट्सचा फॅन आहे. ऑफिसात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग खांद्यावर हात ठेवतात.

दुखणं माझं मीच ओढवून घेतलंय. 2009 ला एडिसनला राहायला आलो, सोमवारी लंचला सगळे फुटबॉलवर बोलायचे (इथला फुटबॉल म्हणजे अंड्यासारखा बॉल काखेत मारून पळायचं, पायाचा संबंध तेवढाच), म्हटलं आपली पण एक टीम हवी. जवळची कुठली तर जेट्स, नाव न्यूयॉर्कचं पण खेळतात आमच्या न्यू जर्सीत. आणि त्या वर्षी नि पुढच्या वर्षी, लागोपाठ दोनदा, टीम सुपर बोलच्या, म्हणजे फायनलच्या, एक पायरी खालपर्यंत गेली! म्हटलं वा, चांगलं स्थळ मिळालं. त्यानंतर आजपर्यंत प्लेऑफचं (बाद फेरीचं) तोंड बघितलेलं नाही. माझाच पाय पांढरा असावा असं बायकोचं मत आहे.

सांगलीला आईला ड्राफ्ट समजावताना मी इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचं उदाहरण दिलं. 32 टीम, सात राउंड, कॉलेजातली पोरं समोर, एकेकाने नंबर लागेल तशी उचलायची. फक्त इथे सगळ्यात जास्त हरलेल्या टीमला पहिला नंबर. आई 31 वर्षं शाळेत शिकवत होती, तिला हे झेपेना. "म्हणजे नापास झालेल्याला पहिली सीट? मग तुमच्या टीमला दरवर्षी पहिली मिळत असेल की!"

तिथेच तर गोम आहे. 2020 च्या सीझनला आम्ही पहिल्या तेराच्या तेरा मॅच हरलो होतो. ट्रेव्हर लॉरेन्स नावाचा सोन्यासारखा क्वार्टरबॅक (बॉल फेकून सगळा खेळ चालवणारा) त्या सीझननंतरच्या ड्राफ्टला येणार होता, फक्त उरलेल्या तीन मॅच हरायच्या होत्या, आणि हरणं हा तर आमचा हातखंडा. तर हे पठ्ठे लॉस एंजेलिसला जाऊन रॅम्सना हरवून आले, पुढच्या आठवड्यात ब्राउन्सना! टीम जिंकली म्हणून सोफ्यावर डोकं धरून बसलेला माणूस बायकोने तेव्हा पहिल्यांदा बघितला. जॅक्सनव्हिल सबंध सीझनला एकच मॅच जिंकलं, सरळ नापास झालं आणि लॉरेन्सला घेऊन गेलं. आम्हाला दुसरा नंबर. त्यात आम्ही झॅक विल्सन उचलला, का, तर कॉलेजच्या ट्रायलमध्ये त्याने पळता पळता एक अफलातून लांब थ्रो टाकलेला. समोर अंगावर येणारं कोणी नव्हतं एवढं सोडलं तर थ्रो खरंच भारी होता. तीन सीझन सांभाळला, मग डेन्व्हरला दिला.

जुनी खातेवही काढली की तर रडूच येतं. 2000 साली आमच्याकडे पहिल्या राउंडचे चार नंबर होते, चार! पुढे दिग्गज ठरलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी तेव्हा 199 व्या नंबरपर्यंत बसून होता, त्याला नेलं आमच्याच डिव्हिजनच्या (गटातल्या) पेट्रियट्सनी. तिथेही तो बाकावरच बसला असता, पण 2001 ला त्यांच्या मेन क्वार्टरबॅकला असा काही दणका बसला की त्याच्या जागी ब्रेडीला उतरवावं लागलं. दणका कोणी दिला? आमच्या मो लुइसने. पुढची वीस वर्षं आम्ही ते फळ भोगलं.

आणि समजा कधी नेम बरोबर लागला, तर? 2022 ला सॉस गार्डनर आणि गॅरेट विल्सन घेतले, दोघांनाही नवख्यांमधल्या सर्वोत्तमचं बक्षीस मिळालं, एक डिफेन्सचा, एक ऑफेन्सचा. मी मित्रांना पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. 2025 च्या नोव्हेंबरात गार्डनरला इंडियानापोलिसला देऊन टाकला आणि बदल्यात मुख्य काय घेतलं तर पहिल्या राउंडचे दोन नंबर. म्हणजे परत ड्राफ्ट. झाडाला आंबा लागला की तो विकून कोयी आणायच्या, असा आमचा धंदा.

पण हल्ली मला वेगळीच शंका येते. माझ्याकडे दर थंडीत कढीपत्त्याचं रोप मरतं. खिडकी बदलली, दिवा लावला, ताक घातलं, तरी फेब्रुवारीत नुसती काडी. गेल्या वर्षी अर्धमेलं रोप समोरच्या काकूंना दिलं तर त्यांच्याकडे ते आता पडद्याच्या दांडीला लागलंय आणि काकू मलाच पिशवी भरून पानं आणून देतात. आमच्या सॅम डार्नल्ड या क्वार्टरबॅकचं तेच. 2018 ला वर सरकायला दुसऱ्या राउंडचे तीन नंबर मोजून आम्ही त्याला तिसऱ्यावर घेतला, तीन वर्षांत टाकाऊ म्हणून काढला. 2024 ला त्याच पोराने मिनेसोटाला चौदा मॅच जिंकून दिल्या.

त्या चौदापैकी एका रविवारी मी गॅरेजमध्ये गेलो. त्याची 14 नंबरची जर्सी मी हौसेने घेतली होती आणि तो गेल्यावर बायकोने तिचं गाडी पुसायचं फडकं केलं होतं. एक गेलाय, चार अजून दिसतो. वॉशिंग मशीनमध्ये टाकायला घेतली तर बायको म्हणाली, "राहू दे रे, तुम्ही धुवून ठेवली की त्याचा खेळ बिघडेल."