केमिकल लायसन्सवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

मे महिना आला की आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. २६ मे २०१६ ला इथल्या प्रोबेस या केमिकल कारखान्यात स्फोट झाला, २३ मे २०२४ ला अमुदान कारखान्यात, त्यामुळे मे हा त्याचा हंगामच. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: 'केमिकलची लायसन्सं म्हणजे बाबूंचं कुरण. दहा लिटर थिनर ठेवायलाही परवाना मागतात. ज्याचा माल त्याला त्याची काळजी असतेच. फार तर विमा कंपनीवर सोडा, ती बघून घेईल. आणि लायसन्स असूनही स्फोट होतातच, मग उपयोग काय?' शेवटी 'पटलं तर पुढे पाठवा.' मला पटलं नाही.

थिनरचं आधी उरकतो, कारण ते सरळसरळ खोटं आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात ज्वालाग्राही द्रवांचे वर्ग केलेत. २३ अंशांखालीच ज्याची वाफ पेट घेऊ शकते तो 'अ' वर्ग. पेट्रोल यातलं, टोल्युइन हे द्रावक असलेलं थिनरही यातलंच. विकायला नसेल आणि नीट डब्यात असेल, तर हे ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं. डिझेल 'ब' वर्गात. ते एका जागी २,५०० लिटरपर्यंत चालतं, फक्त एका भांड्यात हजार लिटरच्या वर नको. दहा लिटरवाल्या रंगाऱ्याला कुणी लायसन्स मागत असेल, तर तो माणूस कायदा दाखवत नाहीये, खिसा दाखवतोय.

'ज्याचा माल त्याला काळजी.' हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, म्हणून जरा थांबू. विशाखापट्टणमची एलजी पॉलिमर्स. नावाजलेली परदेशी कंपनी, हाताखाली इंजिनिअरांची फौज. ७ मे २०२० च्या पहाटे तिच्या टाकीतून स्टायरिनची, म्हणजे प्लास्टिक बनवायच्या द्रव रसायनाची, वाफ शेजारच्या वस्तीत शिरली आणि १२ माणसं गेली. आंध्र सरकारने नेमलेल्या समितीचे निष्कर्ष वाचले की हसावं की रडावं कळत नाही. टाकीला तापमापक होता, पण तळाशी. वरच्या थरात स्टायरिन तापत गेलं ते कुणाला दिसलंच नाही. गारवा देणारी यंत्रणा संध्याकाळी बंद व्हायची. स्टायरिन आपल्याआप घट्ट होत तापू नये म्हणून त्यात टीबीसी नावाचं रसायन घालावं लागतं, त्याचा साठाच संपलेला. सायरन वाजवायला कारखान्यात ३६ जागा होत्या. एकाही जागेवरून तो वाजवला गेला नाही. आणि याच कंपनीने वर्षभर आधी, २०१९ मध्ये, स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात कबूल केलं होतं की आपल्याकडे वैध पर्यावरण परवानगी नाही. म्हणजे मेसेजवाल्यांना हवी तशीच व्यवस्था: परवानगीची कटकट नाही, मालक समर्थ.

भोपाळचंही असंच. शीतकरण यंत्रणा १९८४ च्या जूनपासून बंद, फ्लेअर टॉवरला, म्हणजे निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याला, जाणारा पाइप काढलेला, आणि टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन. पुढे १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले, त्यांत या एका रसायनाची मर्यादा ठेवली १५० किलो. तेवढा साठा झाला की प्रशासनाला कळवायचं, सुरक्षा अहवाल द्यायचा. क्लोरीनची मर्यादा वेगळी. १० टनांना कळवायचं, २५ टनांना अहवाल. पाणी शुद्धीकरण केंद्रात दिसतो तो क्लोरीनचा टनर, म्हणजे मोठा सिलिंडर, साधारण ९०० किलोचा, म्हणजे बारावा टनर आत आला की केंद्र या नियमांच्या कक्षेत आलं. सरसकट सगळ्यांना एकाच दावणीला बांधलंय, ही तक्रारसुद्धा त्यामुळे टिकत नाही.

विम्याबद्दल एवढंच सांगतो की घातक रसायनवाल्याने बाहेरच्या लोकांसाठी विमा काढलाच पाहिजे, ही सक्तीसुद्धा सरकारनेच केली, १९९१ च्या कायद्याने. आणि त्यात मृत्यूसाठी तातडीची मदत ठरली होती २५ हजार रुपये. या रकमेच्या धाकाने कुठला कारखानदार झोप उडवून घेईल?

आता शेवटचा सवाल, 'मग उपयोग काय?' याचं उत्तर मुंबईच्या गोदीत आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. स्फोटकं असली की लाल बावटा चढवायचा, तो चढवलेलाच नव्हता. बंबवाले कापसाची आग म्हणून पाणी मारत राहिले. त्या दिवशी ६६ अग्निशमन जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो यांच्याच आठवणीत. लायसन्स हा असाच एक बावटा आहे. आत काय आहे आणि किती आहे, हे भिंतीबाहेरच्या कुणाला तरी ठाऊक असावं, हे त्याचं पहिलं काम. लायसन्सने स्फोट होतच नाहीत असा दावा कुणीच केलेला नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ॲसिड विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि कारण वहीत लिहायला लावलं, त्यामागेही हीच साधी गोष्ट होती.

हप्त्यांचं म्हणाल तर नाकारणार नाही. कुंपण शेत खातं. इन्स्पेक्टर येतो, ऑफिसात चहा घेतो, रजिस्टरवर सही करतो, प्लँटकडे फिरकतही नाही, हे एमआयडीसीत काम केलेल्या कुणालाही विचारा. पण त्यावर मेसेजचा उपाय काय, तर कुंपणच उपटा. म्हणजे आज जो ड्रमवरचं लेबल खरवडून गुपचूप माल ठेवतो, तो उद्या उघडपणे ठेवील, एवढाच फरक.

कुणी पुढे पाठवत नाही अशीही एक गोष्ट आहे. १९८९ च्या त्याच नियमांतला १५ वा नियम सांगतो की मर्यादेवर साठा असलेल्या कारखान्याच्या अपघाताची झळ ज्यांना बसू शकते, त्या बाहेरच्या लोकांना आधीच कळवायचं: धोका कसला, आणि काही झालं तर काय करायचं, काय टाळायचं. आमची बिल्डिंग एमआयडीसीपासून चालत वीस मिनिटांवर. २०१६ ला आमच्या जिन्याच्या काचा फुटल्या, २०२४ ला पुन्हा फुटल्या. असा कागद मात्र आमच्या नोटीस बोर्डावर अजून लागलेला नाही. आसपासच्या कुठल्या कारखान्यांना तो नियम लागू होतो, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर तयार आहे, सेक्रेटरींची सही तेवढी बाकी आहे.