नदी कुठल्या हाताला?

गंगापूर रोडला पंधरा वर्षे राहिलेल्या माणसाने पुण्याहून आलेल्या सासूबाईंना "जुने नाशिक ना, डोळे मिटून फिरवून आणतो" असे सांगू नये. मी सांगितले. सासूबाईंनी लगेच पिशवीतून पितळेचे पातेले काढले आणि त्याला भांडी बाजाराकडे कल्हईही करून घ्यायचे ठरवले.

रविवार कारंजाजवळ गाडीला जागा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. पायी निघाल्यावर मात्र मी निर्धास्त होतो, कारण माझ्याकडे एक सूत्र होते: गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणून ती डाव्या हाताला ठेवून चालत राहिले की आपण पूर्वेला जातो. गोदामाई रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते, हे इयत्ता चौथीत वाचलेले वाक्य ऐन वेळी कामी आले नाही.

मोबाइलमधल्या बाईने "डावीकडे वळा" म्हटले, तेव्हा आम्ही बोळ समजून एका वाड्याच्या दिंडीतून थेट चौकात शिरलो. तिथे सागवानी खांबाला पाठ टेकून एक आजी गहू निवडत होत्या. त्यांनी हाताने वाट दाखवली. दहा मिनिटांनी आम्ही पुन्हा त्याच चौकात उभे राहिलो, तेव्हा त्यांनी पाणी दिले. तिसऱ्यांदा त्या सुपातून मान वर न करताच म्हणाल्या, "आलात का परत? आता चहा घेऊनच जा."

मधल्या एका फेरीत आम्ही नदीवर निघालो होतो. पलीकडे नारोशंकराचे मंदिर दिसताच मी संधी साधून सांगितले, की हे 1747 मधले असून त्याची प्रसिद्ध घंटा 1739 च्या वसईच्या विजयानंतर आणलेली आहे. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "वसईहून इथवर वाट नाही चुकली हो ती." पात्रात दुतोंड्या मारुती उभा होता. गोदेच्या पुराचे पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून सारे शहर पुराचा अंदाज घेते. माझी नामुष्की त्या मापाने केव्हाच गळ्यापर्यंत आली होती.

चहा झाल्यावर सासूबाई आजींसमोर सूप घेऊन बसल्या आणि मला पातेल्यासह एकट्याला धाडण्यात आले. आश्चर्य म्हणजे कल्हईवाला सापडला, कारण या वेळी मी सूत्र सोडून माणसांना विचारले. त्याने पातेले भट्टीवर लालसर तापवले, नवसागराची चिमूट टाकली, भसकन पांढरा धूर निघाला. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने अशा सफाईने हात फिरवला, की काळवंडलेल्या तळाशी चंद्र उगवल्यासारखे वाटले. त्या चंद्रात माझा घामेजलेला चेहरा दिसला. मी विजयी मुद्रेने पातेले डोक्यावर धरून परत निघालो.

अर्ध्या तासाने फोन वाजला.

"अहो जावईबापू, आजींचे गहू संपले, आता तांदूळ काढलेत. तुमची नदी सध्या कुठल्या हाताला आहे?"

मी पाहिले. नदी समोर होती.