यकृताच्या बायोप्सीआधी गोळ्या स्वतःहून बंद करू नका

यकृताची बायोप्सी, म्हणजे सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी, ठरलेल्या रुग्णांना उद्देशून एक संदेश सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. त्यात म्हटले आहे की, रक्त पातळ करणाऱ्या सर्व गोळ्या आठवडाभर आधी स्वतःच बंद कराव्यात, वनौषधी चालू ठेवाव्यात, आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊ नये आणि तपासणी साध्या सुईची असल्याने तासाभरात घरी जावे.

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. यकृतात रक्ताचा साठा मोठा असतो आणि सुईच्या जागी रक्तस्राव झाला तर तो बाहेर न दिसता पोटात साचतो. म्हणून ही औषधे थांबवण्याचा विचार करावाच लागतो. परंतु कोणते औषध किती दिवस थांबवायचे, हे प्रत्येक औषधाप्रमाणे आणि प्रत्येक रुग्णाप्रमाणे बदलते. वॉरफरिनचा परिणाम ओसरण्यास साधारण 5 दिवस लागतात आणि त्यानंतरही रक्त तपासून खात्री करावी लागते. ॲस्पिरिनचा परिणाम प्लेटलेटच्या (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या रक्तकणांच्या) आयुष्यभर, म्हणजे 7 ते 10 दिवस टिकतो. एपिक्सॅबानसारख्या गोळ्यांचा परिणाम बहुधा 2-3 दिवसांत उतरतो, मात्र मूत्रपिंड कमजोर असल्यास अधिक वेळ लागतो. ज्याच्या हृदयात नुकताच स्टेंट किंवा कृत्रिम झडप बसवलेली आहे, त्याने गोळी परस्पर बंद केली, तर गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाची बायोप्सी काही वेळा पुढे ढकलतात, तर रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तेव्हा मानेतील शिरेतून नळी नेऊन आतूनच नमुना घेतात. हा निर्णय बायोप्सी करणाऱ्या आणि गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. रुग्णाने तारीख ठरतानाच सर्व औषधांची यादी मात्रेसह द्यावी.

त्या यादीत वनौषधी, पूरक गोळ्या आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही हव्यात. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. शिवाय काही वनौषधींमुळे यकृताला थेट इजा होते, आणि तेच कारण शोधण्यासाठी बायोप्सी होत असू शकते. ती माहिती लपवली, तर नमुना पाहणाऱ्या तज्ज्ञाचाही अंदाज चुकू शकतो.

उपवासाचा नियम सगळीकडे एकच नाही. अनेक ठिकाणी घन अन्न 6 तास आणि साधे पाणी 2 तास आधी थांबवतात, तर काही ठिकाणी पित्ताशय आक्रसून सुईच्या वाटेत येऊ नये म्हणून हलका आहार घेऊ देतात. इन्सुलिन घेणाऱ्याने विनाकारण रात्रभर उपाशी राहून नेहमीची मात्रा घेतली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

तासाभरात घरी जाण्याचा सल्लाही चुकीचा आहे. गंभीर रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत लक्षात येतो. म्हणूनच 2 ते 4 तास झोपवून नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजतात. गुंगीचे औषध दिले असल्यास त्या दिवशी वाहन चालवता येत नाही, त्यामुळे सोबत कोणीतरी हवे आणि पहिली रात्र एकट्याने काढू नये. उजव्या खांद्यात थोडे दुखणे नेहमीचे असते. मात्र पोटदुखी वाढत गेली, चक्कर आली, ताप आला किंवा काळी शौच झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.