खांद्याचे मांस साडेचार तासांनंतरही चिवट का राहिले?

नमस्कार. घरी बार्बेक्यू पोर्क सँडविच करण्याच्या माझ्या कृतीवर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तिचा मथितार्थ आधी देतो. आपण परभणीला एप्रिलमधल्या एका रविवारी २ किलो खांद्याचे मांस आणले आणि माझ्या कृतीप्रमाणे मसाला चोळून ते झाकणाच्या शेगडीत ठेवले. अडीच तासांत थर्मामीटर ६७ अंशांपर्यंत चढला आणि पुढचा दीड तास तिथेच अडून बसला. साडेचार तासांनी तो कसाबसा ७१ वर आला, तेव्हा आपण मांस उतरवले. ते हाताने सुटेना, सुरीने कापावे लागले. चव कडवट होती. आणि कडेला गुलाबी रंग दिसल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी 'डुकराच्या मांसाने मेंदूत अळ्या होतात' असे म्हणून ताट बाजूला सारले. सॉस नुसता आंबट लागला, असेही आपण म्हटले आहे. शेवटी आपण विचारता की जे कुकरमध्ये पाऊण तासात शिजते, त्यासाठी दिवसभर निखाऱ्यांपाशी का बसायचे आणि एवढा खर्च पाण्यात का घालायचा.

चिवटपणाचा दोष आपल्या हाताचा नाही, माझ्या लेखाचा आहे. 'चार ते पाच तास लागतात' आणि '७१ अंशांना मांस खाण्यास सुरक्षित होते' ही दोन वाक्ये मी एकाच परिच्छेदात एकापाठोपाठ लिहिली होती. ती वाचून कोणीही ७१ अंशांना मांस उतरवले असते. मांस सुरक्षित होणे आणि मांस मऊ होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि खांद्याच्या मांसात या दोहोंमध्ये वीस-बावीस अंशांचे अंतर असते, हे मला स्पष्ट सांगायला हवे होते.

डुकराचा खांदा दिवसभर हलत असतो, त्याच्यावर शरीराचा भार असतो. म्हणून त्या मांसात स्नायूंच्या तंतूंना बांधून ठेवणारा कोलॅजन नावाचा चिवट पदार्थ भरपूर असतो. साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान स्नायूंचे तंतू आकसतात आणि आपल्यातले पाणी बाहेर ढकलतात. त्या वेळी कोलॅजन मात्र अजून बराचसा तसाच असतो. म्हणजे पाणी गेलेले आणि बांधणी सुटलेली नाही, अशा नेमक्या सर्वांत वाईट टप्प्यावर आपण मांस उतरवले. पुढे ऐंशी अंशांच्या वर कोलॅजन झपाट्याने विरघळू लागतो, त्याचे जिलेटिन होते, आणि तेच कोरड्या पडलेल्या तंतूंना पुन्हा ओलसर, तुळतुळीत करते. म्हणूनच या कामाला खांदाच घ्यायचा असतो. पाठीचे मांस दिसायला सुबक असले तरी त्यात विरघळण्यासारखे फारसे काही नसल्यामुळे ते इतक्या वेळात लाकडासारखे होते.

आता काटा अडून का बसला, हे सांगतो. आपल्याला थर्मामीटर बिघडल्याची शंका आली, पण तो बिघडलेला नव्हता. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे कोड्यात पडण्यासारखे नाही, कारण चैत्र-वैशाखात आपण सगळे याच गोष्टीच्या आधाराने दिवस काढतो. माठातले पाणी गार होते आणि कूलरच्या भिजलेल्या जाळीतून आलेला वारा अंगाला थंड लागतो, तो पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते म्हणून. मांसाचेही तसेच होते. सत्तरच्या आसपास झाकण उचलून जवळून पाहिलेत तर मसाल्याच्या थरावर घामासारखे बारीक थेंब जमलेले दिसतील. निखारे जेवढी उष्णता देतात तेवढी हे थेंब वाफ होताना घेऊन जातात आणि काटा तासन्‌तास जागचा हलत नाही. पृष्ठभाग पुरेसा सुकला की तो आपोआप पुन्हा चढू लागतो.

इथे माझी दुसरी चूक आहे. ती कृती मी आखाडात, पावसाची झड लागलेली असताना नांदेडला केली होती. आपण ती परभणीच्या एप्रिलमध्ये केलीत. कूलर श्रावणात निरुपयोगी आणि एप्रिलमध्ये गुणकारी का ठरतो, हे आपल्याला माहीतच आहे. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते, म्हणून मांसही अधिक थंड होत राहते. वेळेचा अंदाज देताना हवेचा विचार माझ्या मनातच आला नव्हता. शिवाय माझा तुकडा आपल्यापेक्षा लहान, १२०० ग्रॅमचा होता, आणि तेही मी लिहिले नव्हते.

तेव्हा मूळ लेखातला तो परिच्छेद मी आता असा बदलला आहे: शेगडीच्या आतली उष्णता ११० ते १२० अंश ठेवावी, २ किलोच्या तुकड्याला सात-आठ तास धरावेत, आणि मांस ९३ ते ९५ अंशांना उतरवावे. पण माझे म्हणणे असे आहे की शेवटचा निर्णय आकड्यावर सोडू नये. सळई खुपसल्यावर ती लोण्यात शिरावी तशी विनासायास जायला हवी, आणि खांद्याचे चपटे हाड दोन बोटांनी धरून ओढले की मांस न चिकटता ते स्वच्छ निघून आले पाहिजे. हाड हाताला लागत असूनही धरून बसले असेल तर अजून अर्धा तास द्या. उतरवल्यानंतर निदान पाऊण तास मांस गुंडाळून स्वस्थ ठेवावे. गरम असतानाच ओढले तर सगळा रस परातीत जातो. मग ते कापूस पिंजावा तसे पिंजावे, आणि वरच्या काळपट-तांबूस खरपूस थराचे तुकडे आतल्या पांढऱ्या तंतूंमध्ये मिसळावेत. चवीचा जीव त्या थरात असतो.

आठ तास ज्यांच्यापाशी नाहीत त्यांच्यासाठी एक सोय आहे. काटा अडला आणि वरचा थर नीट रंगला की मांस ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावे. वाफेला जायला वाट राहिली नाही की काटा लगेच चढू लागतो. थर थोडा मऊ पडतो, ही त्याची किंमत. मी अलीकडे फॉइलऐवजी केळीचे पान वापरतो. अर्धापूरच्या केळीच्या बागा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यामुळे पानांना तोटा नाही. पान आधी विस्तवावर शेकून घ्यावे, म्हणजे ते गुंडाळताना फाटत नाही. दोन-तीन पदर गुंडाळून सुतळीने बांधावे. ही काही माझी नवी युक्ती नाही. मेक्सिकोच्या युकातान भागात डुकराचे मांस केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत भाजतात.

कडवटपणाविषयी. आपण बाभळीचे लाकूड पाण्यात भिजवून निखाऱ्यांवर टाकलेत आणि धूर कोंडून राहावा म्हणून शेगडीची खालची भोके बुजवलीत, असे आपणच लिहिले आहे. कडवटपणाचे कारण तिथेच आहे. ओले आणि हवा न मिळालेले लाकूड धुमसते, त्याचा दाट पांढरा धूर मांसावर काजळीसारखा बसतो आणि तोंड कडू करतो. हवा तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. तो फक्त कोरड्या लाकडाचा आणि खेळत्या हवेत निघतो. आगटीवर हुरडा भाजणाऱ्या कोणालाही विचारा, तो आधी जाळ ओसरू देतो, आर पडू देतो, मगच कणसे आत सारतो. इथेही तेच करायचे. बाभळीचा कोळसा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, मध्ये पाण्याची थाळी, आणि तासातासाला आठ-दहा नवे निखारे, तेही बाहेर पूर्ण पेटवून घेतलेले. धुरासाठी आंब्याच्या छाटणीतली वाळलेली, साल काढलेली फांदी मला सर्वांत चांगली वाटते. मनगटाएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. कडुनिंब मात्र या कामाला अजिबात घेऊ नये. अमेरिकेत यासाठी हिकरी आणि ओक वापरतात. ती लाकडे इथे नाहीत म्हणून अडून बसण्याचे कारण नाही.

गुलाबी कडेने आपण घाबरलात, पण ती कच्चेपणाची खूण नव्हती. धुरातले वायू मांसाच्या रंगद्रव्याशी संयोग पावतात आणि थराखाली बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढी गुलाबी पट्टी उमटते. मांस कच्चे असते तर गुलाबी रंग मधोमध, हाडाजवळ दिसला असता. आपला रंग बाहेरच्या कडेला होता आणि आत मांस करडे-पांढरे होते, असे आपण स्वतःच नोंदवले आहे.

आता वडीलधाऱ्यांच्या भीतीकडे येतो. ती निराधार नाही, म्हणून तिला नीट उत्तर दिले पाहिजे. डुकराच्या मांसातून माणसाला पट्टकृमी होऊ शकतो, हे खरे आहे; पण त्यासाठी अळ्यांचे कोश असलेले मांस कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्लेले असावे लागते, आणि तो कृमी आतड्यात वाढतो. मेंदूत गाठी होऊन झटके येण्याचा जो आजार आहे तो वेगळ्या वाटेने येतो: पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात आणि अस्वच्छ हात, दूषित पाणी किंवा न धुतलेली पालेभाजी यांच्यामार्फत दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणूनच ज्यांनी जन्मात मांस खाल्लेले नाही अशांनाही हा आजार झालेला डॉक्टर पाहतात. कोश मारण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेच्या कितीतरी पुढे, ९३ अंशांपर्यंत आपण मांस नेतो. आपण मांस उतरवले तेव्हाचे ७१ अंशसुद्धा त्यासाठी पुरेसे होते. तरीही उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या जनावराचे मांस घेऊ नये, तपासणी झालेल्या, फार्मवर वाढवलेल्या जनावराचेच घ्यावे, या मतावर मी ठाम आहे. आपल्याकडे खरी काळजी आणखी एका ठिकाणी घ्यायला हवी. गोठवलेले मांस एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, आणि वीज जाऊन फ्रीज तासन्‌तास बंद राहिला असेल तर बेत रद्द करावा.

सॉस आंबट लागला, याचे कारण तो आंबटच असतो. बाटलीतला लाल, गोड, दाट सॉस ही अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीकडची पद्धत आहे. मी दिलेला सॉस नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागातला: व्हिनेगर, लाल तिखट, मिरे, मीठ, चिमूटभर साखर, आणि टोमॅटोचा थेंब नाही. त्याच राज्यात पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे गेले की त्यात थोडे केचप येते, आणि दक्षिणेला साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस करतात. आंबटपणा मांसातली चरबी कापण्यासाठी असतो, म्हणून तो नुसता चाखून ठरवू नये, पिंजलेल्या मांसात कालवून ठरवावा. साखरेऐवजी मी गूळ घालतो आणि मसाल्यातही गूळच चोळतो, कारण उसाच्या काकवीचा जो वास ब्राउन शुगरमध्ये हवा असतो तो गुळात मुळातच आहे. पावाबद्दल एवढेच सांगतो की लादीपाव तव्यावर मांसाच्याच चरबीत शेकून घ्या, तो भिजून लगदा होणार नाही. आणि व्हिनेगरमध्ये कालवलेली बारीक चिरलेली कोबी, अमेरिकेतल्या मेम्फिस शहराकडे घालतात तशी, सँडविचच्या आतच घाला, बाजूला नको.

राहिला कुकर. कुकरमध्ये सुमारे १२० अंशांची वाफ असते, तिच्यात कोलॅजन तासाभरात विरघळतो आणि मांस मऊ होते, हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. पण तिथे पृष्ठभाग कधी सुकत नाही, म्हणून खरपूस थर येत नाही, आणि धूर तर नाहीच. त्यात सॉस घालून केलेले सँडविच चवदार होते, मीही आठवड्याच्या मधल्या दिवशी ते करतो. त्याला मी बार्बेक्यू म्हणत नाही, एवढेच. नांदेडला कोणी येसराशिवाय येसर आमटी वाढली तर आपण ती गोड मानून खाऊ, पण नाव तेच ठेवणार नाही. ज्यांना दोन्ही हवे आहे त्यांनी पहिले तीन तास मांस निखाऱ्यांवर ठेवावे आणि मग गुंडाळून ओव्हनमध्ये १२० अंशांवर पुरे करावे. धूर पृष्ठभाग ओला आणि थंड असतानाच जास्त धरतो, त्यामुळे पुढच्या तासांत निखाऱ्यांपाशी बसण्याने फारसा फरक पडत नाही.

आपण शेवटी लिहिले आहे की निम्मे मांस अजून फ्रीजरमध्ये पडून आहे. ते टाकू नका. फ्रीजमध्ये वितळू द्या, सुरीने कापलेले तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात ठेवा, वाटीभर पाणी आणि दोन चमचे व्हिनेगर घाला, घट्ट झाकण ठेवा आणि सर्वांत मंद आचेवर दोन-अडीच तास राहू द्या. पाणी आटले तर थोडे गरम पाणी घाला. कोलॅजन अजून त्यात आहे, तो विरघळायचाच राहिला आहे. कडवटपणा थोडा राहील, म्हणून वरचा काजळी बसलेला थर आधी खरवडून काढा. दोन तासांनी एक तुकडा काट्याने दाबून पाहा. तंतू वेगळे झाले की उतरवून पिंजा.